प्रत आणि वाचक : ग्रंथवाचनाचा पर्यावरणीय विचार

१. प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासात आपण ‘संहिता’ हा शब्द वारंवार वापरतो. ‘प्रत’ हा शब्द मात्र पाठचिकित्सेच्या तासापुरता राखून ठेवतो. संहिता म्हणजे शब्दांची सिद्ध रचना. ती कोणत्याही एका कागदावर अवलंबून नसते. प्रत म्हणजे त्या रचनेने धारण केलेला देह : कागद, शाई, दोरा, गोंद, पुठ्ठा यांनी बनलेली, वजन असलेली, झिजणारी आणि एक दिवस नष्ट होणारी वस्तू. वाङ्मयीन आस्वादाची चर्चा करताना आपण संहितेविषयी बोलतो. वाचकाच्या हातात असते ती मात्र प्रत.

वाचन हा निरुपद्रवी छंद आहे, अशी आपली समजूत असते. संहितेच्या पातळीवर ती बरोबरही आहे. एकच कादंबरी हजार जणांनी वाचली म्हणून ती उणी होत नाही. उलट प्रत्येक वाचनाने तिच्या अर्थात भर पडते. प्रतीची गोष्ट वेगळी आहे. प्रत तयार करण्यासाठी बांबू, लाकूड, उसाचे चिपाड किंवा रद्दी लागते. पाणी, रसायने आणि ऊर्जा लागते. आणि प्रत टाकून दिली की तिचा कचरा होतो. वाचनाचा पर्यावरणीय प्रश्न हा असा सर्वस्वी प्रतीचा प्रश्न आहे.

या दृष्टीने मराठी वाचनव्यवहाराकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. ‘पर्यावरणपूरक वाचन’ म्हटले की कमी वाचावे, पुस्तके घेऊ नयेत, सारे पडद्यावर न्यावे, असा काहीसा विरक्तीचा सूर कानी पडतो. येथे प्रतिपादन वेगळे आहे. एका प्रतीला अधिक वाचक आणि अधिक आयुष्य मिळणे, हाच वाचनाच्या पर्यावरणपूरकतेचा खरा निकष होय. आणि हा निकष वाचनाचा आनंद उणावणारा नसून वाढविणारा आहे.

२. प्रतीचे द्रव्य

आरंभी साधा हिशेब मांडू. डेमी आकाराच्या एका तावात सोळा पृष्ठांचा एक फर्मा निघतो. २४० पृष्ठांच्या कादंबरीला पंधरा फर्मे, म्हणजे एका प्रतीला पंधरा ताव लागतात. सत्तर ग्रॅम वजनाचा कागद धरला, तर केवळ आतील मजकुराच्या कागदाचे वजन सुमारे २६५ ग्रॅम भरते. हजार प्रतींच्या आवृत्तीला तीस रिमे, म्हणजे पाव टनाहून थोडा अधिक कागद लागतो. मुखपृष्ठ, पुठ्ठा आणि कापताना वाया जाणारा कागद यांची गणना यात नाही.

हा कागद कोठून येतो? भारतात आज कागद मुख्यतः तीन प्रकारच्या कच्च्या मालापासून बनतो : लाकूड व बांबू, उसाचे चिपाड, गव्हाचे काड यांसारखे शेतीतील अवशेष, आणि रद्दी. विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात छपाईच्या कागदासाठी बांबूचे महत्त्व फार होते. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथे १९४५ साली स्थापन झालेल्या कागद कारखान्यामागे चंद्रपूर-गडचिरोलीची बांबूची वने उभी होती.

या वनांचा आणि कागदाचा संबंध सरळ नाही. डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कर्नाटकातील बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास केला. टोपल्या-सुपे विणणारे कारागीर आणि गुरे चारणारे ग्रामस्थ यांच्यामुळे बांबू संपतो, असे तेव्हा सांगितले जात असे. प्रत्यक्ष पाहणीत निराळेच दिसले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे नैसर्गिक कुंपण असते. तोड सोपी व्हावी म्हणून कारखान्यांसाठी होणाऱ्या तोडीत ते साफ केले जाई. ते नाहीसे झाले की कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी पडत. कारखान्याला मिळणारा बांबू नाममात्र दराने मिळत होता. बुरुडाला मात्र त्याच बांबूसाठी बाजारभाव मोजावा लागत होता. आपल्या हातातील स्वस्त पुस्तकाच्या किमतीचा काही भाग असा कोणीतरी दुसऱ्याने भरलेला असतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

याच कथेचा पुढचा अध्याय महाराष्ट्रात घडला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकारही प्रत्यक्षात आला. बांबू किती तोडावा, केव्हा तोडावा, कोणाला विकावा हे ठरविण्याचा अधिकार वनाजवळ राहणाऱ्यांकडे गेला. कागदाच्या पर्यावरणीय मूल्याची चर्चा केवळ ‘झाडे वाचवा’ या घोषणेपाशी थांबत नाही. वनावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

आणखी एक मुद्दा शुभ्रतेचा. लगदा पांढरा करण्यासाठी दीर्घकाळ क्लोरीनचा वापर होत आला आणि त्यातून निघणाऱ्या सांडपाण्यातील क्लोरीनयुक्त संयुगे नदीनाल्यांना घातक ठरली. पुस्तकाच्या कागदाने डोळे दिपावेत अशी वाचकाची वस्तुतः गरज नसते. किंचित पिवळसर, चकाकी नसलेला कागद दीर्घ वाचनाला सुखावहच असतो. पांढऱ्याशुभ्र कागदाचा आग्रह हा बव्हंशी बाजारपेठेने लावलेला आहे. मुखपृष्ठावरील प्लास्टिकच्या पातळ थराविषयीही हेच म्हणता येईल. त्यामुळे पुस्तक काही काळ नवे दिसते. परंतु त्या पुठ्ठ्याचा पुन्हा लगदा करणे अवघड होते.

३. पोथीची शिस्त

मुद्रणपूर्व मराठी परंपरेत प्रतीचे मूल्य निराळे होते. जुन्नर आणि दौलताबाद ही हातकागदाची जुनी केंद्रे होत. दौलताबादजवळील कागजीपुरा या गावाचे नावच या व्यवसायाची साक्ष देते. चिंध्या, ताग, जुनी दोरखंडे यांसारख्या टाकाऊ द्रव्यांचा लगदा करून, ताव उचलून, खळ देऊन आणि घोटून हा कागद सिद्ध होत असे. त्यातील तंतू लांब असत आणि त्यावर तीव्र आम्लाची प्रक्रिया झालेली नसे. म्हणूनच दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या पोथ्यांची आणि दप्तरांची पाने आजही न मोडता उलटता येतात.

अशी प्रत हाताने लिहिली जाई. एक पोथी उतरून काढायला महिने लागत. त्यामुळे प्रत ही जपण्याची वस्तू होती. सुटी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून, वर कापडाचे बासन गुंडाळून ती बांधली जात. वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला असे उपाय कसरीपासून रक्षणासाठी योजले जात. अनेक हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवणी करताना आढळतो. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून माझे रक्षण कर, अयोग्य हाती मला देऊ नकोस, अशा आशयाचे उद्गार ग्रंथाच्याच मुखी घातलेले असतात. पाठचिकित्सक या मजकुराकडे प्रतीचा काळ आणि लेखनिक ठरविण्याचे साधन म्हणून पाहतो. तो एक वाचनविषयक नीतिनियमही आहे. ग्रंथ हातात घेणारा त्याचा स्वामी नसून पुढच्या वाचकापर्यंतचा राखणदार आहे, ही त्यामागची धारणा होय.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वाचनपद्धतीची. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ लावले जात. एक वाचक वाची आणि सारी आळी ऐके. ज्ञानेश्वरीची पारायणे आजही होतात. येथे एका प्रतीला एका वेळी पन्नास-शंभर ‘वाचक’ लाभत आणि त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख असण्याची गरज नसे. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पोथी कोणी हाताळावी, कोणी नुसती ऐकावी आणि कोणी दुरूनही ऐकू नये, याचे निर्बंध जातीने व लिंगाने ठरविलेले होते. मुद्रणाने आणि सार्वत्रिक शिक्षणाने ते मोडण्यास मदत केली, हे मुद्रणाचे ऋण मोठे आहे. आपणास पोथीकडून तिची मक्तेदारी घ्यायची नसून तिची शिस्त घ्यायची आहे : प्रत जपावी आणि वाचन वाटून घ्यावे.

४. सामायिक प्रत : ग्रंथालयाची मराठी परंपरा

मुद्रणाने प्रती विपुल झाल्या. गणपत कृष्णाजी यांच्या शिळाप्रेसपासून जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरपर्यंत एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रणाचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच शतकात, मुद्रणाच्या जोडीनेच, प्रत सामायिक करणारी संस्थाही मराठी मुलखात रुजली, याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधील, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मधील, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मधील. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा या हेतूने ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली निघाले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि या चळवळीला शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. आज तालुक्या-तालुक्यांतून, खेड्यांतूनही शासनमान्य वाचनालये आढळतात.

या संस्थांचे पर्यावरणीय महत्त्व मघाच्या हिशेबावरून ध्यानी येईल. २६५ ग्रॅम कागदाची प्रत एकाच वाचकाने वाचून कपाटात ठेवली, तर त्या एका वाचनाचा भार २६५ ग्रॅम. तीच प्रत वाचनालयातून साठ जणांनी नेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कार्यालयात वापरतात तसल्या एका साध्या कोऱ्या कागदाइतका भार येतो. पुनर्वापरित कागद, वनस्पतिजन्य शाई, प्लास्टिकविरहित वेष्टन या सुधारणा इष्टच आहेत. परंतु त्यांतील कोणतीही सुधारणा प्रत्येक वाचनामागचा कागद साठपटींनी कमी करू शकत नाही. वाचनालयाचा देवघेव विभाग ते निमूटपणे करीत असतो.

दिवाळी अंक हे याचे आणखी बोलके उदाहरण. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा मराठीत दृढ झाली. जाड, जाहिरातींनी भरलेला आणि वर्षभराने शिळा होणारा अंक पर्यावरणाच्या दृष्टीने उधळपट्टीच म्हणावा लागेल. परंतु मराठी वाचकाने तिच्यावर उपाय शोधला. गावोगावची वाचनालये अल्प वर्गणीत दिवाळी अंकांची स्वतंत्र योजना चालवितात. वाचक शिमग्यापर्यंत आणि त्यानंतरही अंक बदलून नेत राहतात. घराघरांतून, कचेऱ्यांतून चार-सहा जण मिळून निरनिराळे अंक घेतात व आपसांत फिरवितात. अलीकडच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातील फिरत्या ग्रंथपेट्या आणि सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ साली आकाराला आलेले ‘पुस्तकांचं गाव’ या दोहोंच्या मुळाशीही सामायिक प्रतीचेच तत्त्व आहे.

सामायिक वाचनाचा आनंद हा खासगी वाचनापेक्षा कमी प्रतीचा असतो काय? वाचकाला स्वतःच्या प्रतीचा लोभ असतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि वाचनालयाच्या प्रतीत एक वेगळे आकर्षण असते. मागील पानावरची तारखांची चिठ्ठी सांगते की, हे पुस्तक आपल्याआधी कितीतरी जणांनी नेले होते. कोठे समासात पेन्सिलीची पुसट रेघ असते, कोठे प्रश्नचिन्ह. वाचक एकटा नसतो. परतीची तारीख ठरलेली असल्याने पुस्तक ‘कधीतरी वाचू’ म्हणून कपाटात पडत नाही. ते वाचलेच जाते.

संशोधकाच्या दृष्टीने तर ही सामायिक प्रत म्हणजे एक दस्तऐवज आहे. मराठीत वाचकप्रतिसादाची सैद्धान्तिक चर्चा पुष्कळ झाली. प्रत्यक्ष वाचकांचा पुरावा मात्र आपण क्वचित गोळा केला. एखाद्या तालुका वाचनालयातील दाखल नोंदवह्या, देवघेवीच्या नोंदी आणि तारखांच्या चिठ्ठ्या अभ्यासल्या, तर ‘कोसला’ (१९६३) त्या गावात केव्हा पोहोचली, किती वेळा नेली गेली, तिच्या शेजारी कोणत्या रहस्यकथा वाचल्या जात होत्या, हे सांगता येईल. देवघेवीचे संगणकीकरण झाले की जुन्या चिठ्ठ्या व नोंदवह्या अनावश्यक ठरून रद्दीत जाण्याचा धोका असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी हा विषय अवश्य हाती घ्यावा.

५. आम्लाने मरणाऱ्या प्रती

प्रतीचे आयुष्य हा निकषाचा दुसरा भाग. येथे मराठीच्या वाट्याला आलेली आपत्ती गंभीर आहे.

एकोणिसाव्या शतकात कागदनिर्मितीत दोन बदल झाले. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ देण्यासाठी तुरटी व राळ यांचे मिश्रण वापरले जाऊ लागले. आणि चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा आला. स्वस्त कागदात तर लाकूड नुसते दळून वापरले जाई, त्यामुळे त्यातील लिग्निन तसेच राही. तुरटीमुळे कागदात आम्लता येते. ती दमट व उष्ण हवेत तंतूंची साखळी हळूहळू तोडते. लिग्निनमुळे कागद पिवळा-तपकिरी पडतो. काही दशकांत पान घडीवर मोडते, कडा झडतात आणि अखेर हातात भुगा येतो. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रंथांच्या कागदावर प्रयोग करून ही आम्लता नेमकेपणाने दाखवून दिली. पुढे जगभर आम्लमुक्त कागदाचा आग्रह धरला गेला.

याचा अर्थ असा की, सतराव्या शतकातील पोथी धडधाकट आहे आणि १९२० किंवा १९५० साली छापलेले मासिक मरणपंथाला लागले आहे. मराठी नियतकालिकांचा सुवर्णकाळ ज्याला आपण म्हणतो, तो कालखंड बव्हंशी या दुर्बळ कागदावर छापलेला आहे. युद्धकाळातील कागदटंचाईत हाती येईल तो कागद वापरला गेला, त्याची अवस्था आणखी वाईट. ज्या लेखिकांच्या कथा पुस्तकरूपाने कधी आल्याच नाहीत, ज्या दलित व ग्रामीण लेखकांचे आरंभीचे लेखन अल्पायुषी अंकांतून विखुरलेले आहे, त्यांच्यापुरती ती प्रत हीच संहिता असते. प्रत गेली की संहिताही गेली. या लेखाच्या आरंभी केलेला संहिता आणि प्रत यांमधील भेद या ठिकाणी संपुष्टात येतो.

यासाठी करावयाचे उपाय खर्चिकच असतात असे नाही. ग्रंथांचे कपाट ओलसर भिंतीपासून हातभर दूर ठेवणे, हवा खेळती राखणे, थेट ऊन टाळणे, नियमित धूळ झाडणे, फाटलेल्या पानावर चिकटपट्टी न लावणे (तिचा गोंद पुढे डाग पाडतो व कागद खातो), जीर्ण पाने प्लास्टिकच्या आवरणात कायमची बंद न करणे, पुनर्बांधणी करताना बांधणाराकडून समास न कापून घेणे : एवढे प्रत्येक महाविद्यालयीन ग्रंथालयाला शक्य आहे. एकेकाळी वाळवी-कसरीवर सर्रास फवारली जाणारी डीडीटीसारखी कीटकनाशके वाचकाच्या व कर्मचाऱ्याच्या आरोग्याला घातक आहेत. स्वच्छता आणि वायुवीजन हेच अधिक सुरक्षित उपाय होत. अत्यंत दुर्मीळ प्रतींसाठी निराम्लीकरण व पातळ जपानी कागदाचा आधार देण्याची पद्धत उपलब्ध आहे. परंतु ते तज्ज्ञाचे काम आहे.

६. पडद्यावरील वाचन

येथे स्वाभाविक प्रश्न उद्भवतो : सारे काही संगणकीय रूपात नेले, तर कागदाचा प्रश्नच मिटणार नाही काय?

याचे उत्तर पुन्हा प्रत व वाचक यांच्या हिशेबानेच द्यावे लागेल. पडद्यालाही देह असतो. वाचनयंत्र किंवा भ्रमणध्वनी बनविण्यासाठी धातूंचे उत्खनन, चिपांची निर्मिती, बॅटरी आणि दूरची वाहतूक लागते. अशा उपकरणाच्या पर्यावरणीय भाराचा मोठा वाटा ते हातात येण्यापूर्वीच खर्ची पडलेला असतो. वर्षाकाठी तीन-चार पुस्तके वाचणाऱ्याने त्यासाठी स्वतंत्र यंत्र घेऊन ते दोन-तीन वर्षांत बदलले, तर बचत होण्याऐवजी इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात भर पडते. याउलट जो पुष्कळ वाचतो, जो आधीच हाती असलेले उपकरण दीर्घकाळ वापरतो, त्याच्या बाबतीत प्रत्येक वाचनामागील भार उतरत जातो. पडदा असो वा पान, नियम एकच : एका वस्तूवर अधिक वाचन, अधिक काळ.

दुर्मीळ व जीर्ण ग्रंथांच्या बाबतीत मात्र संगणकीय प्रतिमांकनाला पर्याय नाही. एकदा काळजीपूर्वक छायांकन झाले की मूळ प्रत वारंवार हाताळावी लागत नाही आणि नागपूरच्या विद्यार्थ्याला एका संदर्भासाठी मुंबई गाठावी लागत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने अनेक जुन्या मराठी ग्रंथांचे असे संगणकीकरण करून ते वाचकांसाठी खुले केले आहेत. स्वामित्वहक्काचा विचारही येथे उपयुक्त ठरतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे साहित्य मुक्त आहे. हरिभाऊ आपटे (निधन १९१९) यांचे तर त्याच्या कितीतरी आधीपासून. अभ्यासक्रमात असलेला असा मुक्त ग्रंथ प्रत्येक विद्यार्थ्याने नव्याने झेरॉक्स करून घेण्याची गरज उरत नाही.

झेरॉक्सचा उल्लेख आला म्हणून तोही हिशेब करावा. आपल्या २४० पृष्ठांच्या कादंबरीची, समोरासमोरची दोन पाने एका बाजूस घेऊन, एकपाठी झेरॉक्स काढली तर १२० कागद लागतात. त्यांचे वजन भरते सुमारे सव्वापाचशे ग्रॅम, म्हणजे मूळ पुस्तकाच्या कागदाच्या जवळजवळ दुप्पट. ती प्रत पुसट असते, लवकर सुटी होते आणि परीक्षा संपताच रद्दीत जाते. ‘स्वस्त’ म्हणून आपण जिचा आश्रय घेतो, ती पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत महाग प्रत होय. तिने लेखक-प्रकाशकाचेही नुकसान होते ते वेगळेच.

७. एक आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सर्वांनीच वाचनालयातून पुस्तके नेली, तर विकत कोण घेणार? मराठी पुस्तकाची आवृत्ती आधीच हजाराच्या किंवा त्याहून कमी प्रतींची. तीही वर्षानुवर्षे संपत नाही. पर्यावरणाच्या नावाखाली आपण मराठी प्रकाशनव्यवसायाचाच गळा आवळत नाही काय?

या आक्षेपाचा विचार दोन अंगांनी करावा लागेल. पहिले असे की, प्रस्तुत निकषाच्या दृष्टीने पुस्तक विकत घेणे हा दोष नाही. न वाचलेली प्रत हा दोष आहे. गोदामात कसरीच्या तोंडी पडलेल्या पाचशे प्रती, केवळ घाऊक खरेदीसाठी सिद्ध केलेली आणि कोणीही न उघडलेली पुस्तके, समारंभात पाहुण्यांना दिले जाणारे आणि पुढे तसेच पडून राहणारे जाडजूड गौरवग्रंथ यांत कागद खरा वाया जातो. मागणी पाहून लहान आवृत्त्या काढण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. त्याचा स्वीकार प्रकाशक व पर्यावरण दोघांच्याही हिताचा आहे. दुसरे असे की, चांगले वाचनालय हा चांगल्या प्रकाशनाचा आधार असतो. दहा हजारांहून अधिक वाचनालयांपैकी निम्म्यांनी जरी एखाद्या गंभीर ग्रंथाची एक-एक प्रत चोखंदळपणे घेतली, तर त्याच्या अनेक आवृत्त्या निघतील आणि प्रत्येक प्रतीला वाचकही मिळतील. प्रश्न वाचनालय विरुद्ध खरेदी असा नाही. वाचनालयांना पुरेसे अनुदान मिळते का, आणि ते विवेकाने खर्च होते का, असा आहे.

यापलीकडे पुनर्वाचनाचा मुद्दा आहे. जे पुस्तक आपण पुन्हा पुन्हा वाचणार, ते स्वतःचे असावे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाला कागद किती लागला असेल? परंतु त्यातील कवितांवर मराठी वाचक आणि समीक्षक दशकानुदशके परतत राहिले. पहिल्या वाचनात कवितेचा अपरिचितपणाच जाणवतो. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात लय आणि प्रतिमा यांचे नाते उलगडते. दहा वर्षांनी त्याच ओळी वेगळ्या अनुभवाला भिडतात. कथात्म साहित्यातही ‘पुढे काय’ ही उत्सुकता शमल्यावरच रचनेचा आस्वाद सुरू होतो. नव्याचा सततचा हव्यास हा वाचनाच्या प्रमाणाचा निदर्शक असू शकेल, खोलीचा नव्हे. पुनर्वाचनाला नवा कागद लागत नाही. आणि आस्वादाच्या दृष्टीने तेच सर्वांत समृद्ध वाचन असते. पर्यावरणाचा विवेक आणि वाङ्मयाचा विवेक येथे एकमेकांस मिळतात.

८. विभागीय पातळीवर

हा विचार व्यवहारात आणण्याची सुरुवात मराठी विभागांना सहज करता येण्यासारखी आहे. अभ्यासक्रमातील प्रत्येक ग्रंथाच्या काही प्रती विभागीय संग्रहात घेऊन त्या वर्षाअखेरीस पुढील वर्गाकडे सुपूर्द कराव्यात. दीर्घ कवितेचे किंवा कादंबरीच्या निवडक प्रकरणांचे वर्गात प्रकट वाचन व्हावे. एक प्रत चाळीस जणांना पुरते आणि उच्चार, लय, बोलीचा पोत यांकडे कान तयार होतो. शोधप्रबंधांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार संगणकीय प्रत ‘शोधगंगा’वर जातेच, तेव्हा एकपाठी, दुहेरी अंतर सोडून टंकलिखित केलेल्या अनेक जाड बांधीव प्रतींचा आग्रह विद्यापीठांनी पुन्हा तपासावा. दुपाठी छपाई व मोजक्या प्रती एवढ्यानेही कागद निम्म्याहून अधिक वाचेल.

सर्वांत निकडीचे काम मात्र निर्लेखनाविषयीचे आहे. जागेच्या अभावी जुनी, जीर्ण, ‘कोणी न नेलेली’ पुस्तके आणि मासिकांचे सुटे अंक ग्रंथालयातून बाद केले जातात. निर्लेखन अपरिहार्य असते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्या यादीवर मराठीच्या अध्यापकाची नजर फिरल्याविना एकही अंक रद्दीवाल्याकडे जाऊ नये. तो अंक अन्यत्र आहे का, त्याचे छायांकन झाले आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ काही वाचेल. रद्दीचा लगदा होऊन नवा कागद निघेल हे खरे. परंतु त्या लगद्यातून नाहीशी झालेली कथा पुन्हा निघणार नाही.

९. समारोप

सारांश, वाचनाची पर्यावरणपूरकता ही कागद विरुद्ध पडदा अशा सोप्या द्वंद्वात बसणारी नाही. प्रत कोणत्या द्रव्याची आहे यापेक्षा तिला किती वाचक मिळाले आणि ती किती काळ टिकली, हे अधिक निर्णायक आहे. या निकषावर पाहता पोथीची जपणूक, चातुर्मासातील श्रवण, एकोणिसाव्या शतकातील वाचनालये, दिवाळी अंकांची देवघेव ही मराठी वाचनसंस्कृतीची अंगे काटकसरीतून आणि ग्रंथप्रेमातून घडली. ‘पर्यावरण’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ होण्यापूर्वीच ती पर्यावरणाशी सुसंगत होती. आज एकीकडे ही अंगे क्षीण होत आहेत आणि दुसरीकडे शतकभराच्या नियतकालिकांचा कागद आपल्या डोळ्यांदेखत झडतो आहे. साहित्याच्या अभ्यासकाने संहितेबरोबर प्रतीचीही जबाबदारी घेतली, तरच पुढच्या अभ्यासकासाठी संहिता शिल्लक राहील.